राज्य नसताना जपलेला झेंडा

दक्षिण कोरियाचा झेंडा हातानं काढायला बसलं की बहुतेकांचं घोडं काळ्या रेघांपाशी अडतं. मधलं वर्तुळ लक्षात राहतं. वर लाल, खाली निळा आणि दोन्ही रंग एकमेकांत वळलेले. पण चार कोपऱ्यांतल्या कुठल्या रेघा सलग आणि कुठल्या मधोमध तुटलेल्या, हे कोरियातली मोठी माणसंही विसरतात. सोलमध्ये भाषा शिकायला होते तेव्हा ज्या आजींकडे मी भाड्यानं राहायचे, त्यांच्या शाळकरी नातवानं मला यातली युक्ती सांगितली: तीन, चार, पाच, सहा. तुटलेल्या रेघेचे दोन तुकडे धरायचे आणि मोजायचं. काठीच्या बाजूला वर तीन, त्याखाली चार. पलीकडच्या बाजूला वर पाच, खाली सहा. तीन म्हणजे आकाश, चार अग्नी, पाच पाणी, सहा पृथ्वी. आकाशाच्या तिरप्या समोर पृथ्वी आणि अग्नीच्या समोर पाणी. त्याच चार खुणांना वडील, मुलगी, मुलगा आणि आई असंही मानतात. एका पांढऱ्या फडक्यावर सृष्टी आणि घर दोन्ही मांडून ठेवलंय. हा झेंडा मला पहिल्यापासून आवडला. त्याची गोष्ट कळत गेली तसा त्याच्याविषयी वाटणारा आदर वाढत गेला.

देश तसा लहान. क्षेत्रफळ सुमारे एक लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम एक तृतीयांश. लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर आणि त्यातली निम्मी माणसं सोल आणि त्याच्या आजूबाजूला दाटीवाटीनं राहतात. सरकारी यादीत पाच राष्ट्रचिन्हं आहेत: थेगुकगी हा झेंडा, एगुकगा हे राष्ट्रगीत, मुगुंगह्वा हे फूल, राजमुद्रा आणि बोधचिन्ह. शेवटच्या दोन कागदोपत्री वापराच्या गोष्टी आहेत, त्यांच्याविषयी फार सांगण्यासारखं नाही. पहिल्या तिन्हींची कहाणी मात्र वेगळी आहे. साधारणपणे आधी राज्य उभं राहतं आणि मग एखादी समिती बसून त्याचा झेंडा आणि गीत ठरवते. कोरियात ही तिन्ही चिन्हं लोकांच्या मनात रुजली ती राज्य बुडालेलं असताना. १९१० ते १९४५ ही पस्तीस वर्षं कोरिया जपानच्या ताब्यात होता. त्या काळात ही चिन्हं ज्यांनी सांभाळली त्यांतल्या बहुतेकांपाशी ना सरकार होतं, ना सैन्य, ना कचेरी.

झेंडा तसा जुना नाही. चोसन घराण्यानं पाचशेच्या आसपास वर्षं राज्य केलं, पण परक्या देशांशी तह करायची वेळ येईपर्यंत राष्ट्रध्वजाची गरज कुणाला भासली नव्हती. १८८२ साली अमेरिकेशी तह झाला, तेव्हा अशाच धर्तीचा एक झेंडा वापरला गेला असं अभ्यासक मानतात. त्याच वर्षी पाक यंग-ह्यो नावाचा तरुण दरबारी जपानकडे निघाला होता. त्यानं ‘मेजी मारू’ या जहाजावर थेगुकगीचं चित्र पक्कं केलं. पुढच्या वर्षी राजा कोजोंगनं तो अधिकृत केला. ते जहाज आजही तोक्योत जपून ठेवलेलं आहे. पुढे राज्य बुडाल्यावर याच पाक यंग-ह्योनं जपान सरकारकडून सरदारकीचा किताब घेतला. झेंडा काढणारा माणूस त्या झेंड्याला सोडून गेला आणि ज्यांची नावंही कुणाला ठाऊक नाहीत अशा माणसांनी तो उचलला. इतिहासात असं होतं खरं, पण इतक्या उघडपणे क्वचित दिसतं.

१ मार्च १९१९ या दिवशी सोलमध्ये स्वातंत्र्याची घोषणा वाचली गेली आणि बघता बघता देशभर मिरवणुका निघाल्या. त्यांत हातानं काढलेले झेंडे होते. छापील नमुना नव्हता, प्रमाण ठरलेलं नव्हतं. कुणाचं वर्तुळ आडवं, कुणाचं उभं, तर कुणाच्या रेघा चुकीच्या कोपऱ्यात. त्या वेळचे जे झेंडे उरलेत त्यांतले दोन सारखे सापडणं कठीण. यू ग्वान-सून ही शाळकरी मुलगी त्याच दिवसांत आपल्या गावाकडे परतली, बाजाराच्या दिवशी लोकांना झेंडे वाटले, पकडली गेली आणि १९२०च्या सप्टेंबरमध्ये सोलच्या सोदेमुन तुरुंगात तिचा अंत झाला. तो तुरुंग आता संग्रहालय आहे. शाळांच्या सहली तिथे येतात आणि लाल विटांच्या त्या इमारतीत शिरताना कलकलाट करणारी मुलं कोठड्यांपाशी आली की हळू बोलू लागतात.

पण मला सगळ्यात जास्त हलवून गेला तो जिनग्वान्साचा झेंडा. सोलच्या वायव्येला बुखानसान डोंगराच्या पायथ्याशी हे बौद्ध मंदिर आहे. २००९च्या मे महिन्यात तिथल्या एका लहानशा देवघराची दुरुस्ती चालली होती. भिंतीच्या आतून एक बोचकं निघालं. बाहेरचं कापड उलगडलं तर तो थेगुकगी होता आणि त्याच्या आत १९१९ सालची गुप्तपणे निघणारी स्वातंत्र्यवादी वर्तमानपत्रं. म्हणजे झेंड्यानंच ती वर्तमानपत्रं गुंडाळली होती. कापडाचा एक कोपरा जळलेला. मंदिरातल्या एका क्रांतिकारक भिक्खूनं ते लपवलं असावं असा अंदाज आहे. नव्वद वर्षं ते भिंतीत होतं. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला, दुभंगला, युद्धात भाजून निघाला, श्रीमंत झाला आणि भिंतीत काय आहे हे सांगायला कुणी उरलं नाही.

त्या झेंड्याकडे नीट पाहिलं की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. तो कोऱ्या कापडावर काढलेला नाही. तो जपानी झेंडा आहे. पांढऱ्यावर लाल गोळा असलेला तयार झेंडा घेऊन कुणीतरी त्या गोळ्याच्या अर्ध्या भागावर शाई चढवली आणि भोवती चार कोपऱ्यांत रेघा ओढल्या. ज्याची सक्ती होती, त्याच कापडातून स्वतःचा झेंडा काढला. मी मंदिरात गेले तेव्हा त्याची प्रतिकृती पाहिली. शाई चढवणाऱ्याचा हात सराईत नव्हता, वर्तुळाची कड सरळ नाही. तिथे माझ्या शेजारी एक बाई आपल्या मुलीला बोटानं दाखवत होत्या, “हे बघ, खालचा लाल दिसतोय ना?” मला त्या कापडासमोरून लवकर हलवेना.

झेंड्याची दुसरी गोष्ट कापडाची नसून छातीवरच्या खुणेची आहे. ९ ऑगस्ट १९३६ या दिवशी बर्लिन ऑलिंपिकची मॅरेथॉन सोन गी-जंगनं जिंकली. वेळ दोन तास २९ मिनिटं १९ सेकंद, ऑलिंपिकमधला तोवरचा विक्रम. त्याचाच देशबांधव नाम सुंग-योंग तिसरा आला. दोघंही जपानच्या संघातून धावले, दोघांच्याही नावांची जपानी रूपं नोंदवली गेली. विजयमंचावरचा त्यांचा फोटो पाहिला नसेल तर अवश्य पाहा. दोघांच्याही माना खाली आहेत. सुवर्णपदक मिळवणाऱ्यांना त्या वर्षी ओकचं रोप भेट मिळत होतं. सोननं ते रोप छातीशी असं धरलंय की सदऱ्यावरचा उगवता सूर्य त्यामागे झाकला गेलाय. नामच्या हातात रोप नव्हतं. सोनच्या सुवर्णपदकाचा नव्हे, तर छाती झाकायला मिळालेल्या त्या रोपाचा मला हेवा वाटला, असं नाम पुढे सांगत असे.

छातीवरची खूण दिसणारा सोनचा एक फोटो सोलमध्ये पोहोचल्यावर ‘डोंगा इल्बो’ या दैनिकानं २५ ऑगस्टच्या अंकात तो छापला, पण ती खूण पुसून. क्रीडापत्रकार ई गिल-योंग यानं ते सुचवलं आणि ई सांग-बम या चित्रकारानं कुंचल्यानं ते केलं. ई सांग-बम हा निसर्गचित्रांसाठी नावाजलेला माणूस, धुक्यातले डोंगर काढणारा. त्याच्या कुंचल्याचे ते दोन-चार फटकारे पत्राला फार महागात पडले. माणसांना अटक झाली, पोलिसांनी छळ केला आणि पत्र सुमारे नऊ महिने बंद राहिलं.

पुढचं मी आजींकडून ऐकलं, आणि सांगताना त्या ताठ बसल्या होत्या. १९८८ साली सोलमध्ये ऑलिंपिक भरलं तेव्हा म्हातारे सोन गी-जंग मशाल घेऊन स्टेडियममध्ये आले आणि लहान मुलासारख्या उड्या मारत धावले. आणि १९९२ साली बार्सिलोनाची मॅरेथॉन ह्वांग यंग-जो या कोरियन तरुणानं जिंकली. तारीख तीच, ९ ऑगस्ट. दुसरा आला तो जपानचा धावपटू. छातीवर थेगुकगी होता आणि स्टेडियममध्ये सोन बसले होते. आजी म्हणाल्या, “त्या रात्री आमच्या गल्लीत कुणी झोपलं नाही.” बर्लिनचं ते ओकचं रोप आता सोल स्टेशनजवळच्या सोन गी-जंग उद्यानात चांगलं डेरेदार झाड झालंय. ऑलिंपिकच्या अधिकृत नोंदीत मात्र ते पदक अजूनही जपानच्या खात्यावर आहे. नियम काय असतील ते असोत, मला ते पटत नाही.

मुगुंगह्वा आपल्या जास्वंदीच्याच कुळातलं. थंडीत पानं गाळणारं झुडूप, जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत बहर. एकेक फूल सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मिटून गळून पडतं. दुसऱ्या दिवशी त्याच फांदीवर दुसरं तयार असतं. या फुलाला राष्ट्रीय फूल ठरवणारा कायदा कोरियात आजही नाही, सगळं रूढीनं चालतं. नामगुंग ओक हे पत्रकार आणि शिक्षक १९१८च्या सुमारास सोल सोडून होंगचॉनकडच्या आपल्या गावी गेले, शाळा काढली आणि मुगुंगह्वाची रोपं वाढवून देशभर वाटू लागले. त्याआधी सोलच्या मुलींच्या शाळेत शिकवताना त्यांनी भरतकामाचा एक नमुना तयार केला होता. कोरियाचा नकाशा, आणि त्यात प्रांताप्रांताला एकेक मुगुंगह्वाचं फूल. मुली तो नकाशा रेशमानं भरत बसायच्या. वरवर शिवणकामाचा तास आणि हाताखाली आख्खा देश. १९३३ साली त्यांना अटक झाली, रोपवाटिका उपटून जाळली गेली आणि १९३९ साली ते गेले. एखाद्या सरकारला झुडपाची भीती वाटावी, यातच त्या झुडपाची ताकद कळते.

स्वातंत्र्यानंतर झेंडा सरकारच्या हाती आला. १९४९ साली त्याचं प्रमाण ठरलं, रेघांचे कोपरे पक्के झाले. आणि मग पाक चंग-ही या लष्करशहाच्या राजवटीत तो धाकाचाही झाला. रोज संध्याकाळी झेंडा उतरवताना ध्वनिक्षेपकावरून राष्ट्रगीत लागायचं आणि रस्त्यातला प्रत्येक जण छातीवर हात ठेवून जागच्या जागी उभा राहायचा. सिनेमाआधीही राष्ट्रगीत असायचं. महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत आपल्याला हे सवयीचं आहे. तिथे ते १९८९ साली संपलं. आजींना विचारलं, “तेव्हा राग यायचा का?” त्या म्हणाल्या, “राग झेंड्याचा नाही यायचा. तो लावणाऱ्यांचा यायचा.”

ग्वांगजूत १९८० सालच्या मे महिन्यात याच भेदाची परीक्षा झाली. लष्करी राजवटीविरुद्ध उठलेल्या त्या शहरावर देशाच्याच सैनिकांनी गोळ्या चालवल्या. सैनिक ज्या झेंड्याचे, तोच झेंडा लोकांनी मेलेल्यांच्या शवपेट्यांवर पांघरला आणि तेच राष्ट्रगीत गायलं. प्रांतिक कचेरीसमोरच्या गर्दीवर गोळीबार सुरू झाला तेव्हाही ध्वनिक्षेपकावर एगुकगा वाजत होतं, असं तिथली माणसं सांगतात. झेंडा कुणाचा, हा प्रश्न त्या लोकांनी प्राण देऊन सोडवला असं मी मानते.

२००२च्या विश्वचषक फुटबॉलच्या वेळी तरुणांनी त्याच थेगुकगीचे झगे शिवले, तो डोक्याला बांधला, गालांवर रंगवला. तोवर झेंडा घडी घालून पेटीत ठेवायची वस्तू होती, जमिनीला लागला तर मोठी माणसं रागवायची. आजींना आधी धक्का बसला आणि मग त्या स्वतःच लाल टी-शर्ट घालून सोल सिटी हॉलसमोर गेल्या. पुढे २०१६-१७ साली राष्ट्राध्यक्ष पाक गून-हे यांच्या समर्थकांनी आपल्या मोर्चांत झेंड्यांचा पूर आणला. मग विरुद्ध बाजूच्या माणसांना १ मार्चला गॅलरीत झेंडा लावायचाच संकोच वाटू लागला. काहींनी त्याला पिवळी फीत बांधून आपला झेंडा वेगळा दाखवला. आजींनी फीत बांधली नाही. गॅलरीच्या कठड्याला बाहेरून काठी खोचायची एक नळी असते. तीत त्यांनी दरवर्षीप्रमाणे काठी खोचली आणि म्हणाल्या, “माझ्या वडलांनी हा लपवून ठेवला होता. तो कुणाच्या मोर्च्यासाठी मी आत ठेवणार नाही.”

राष्ट्रगीताचे शब्द विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे. ते कुणी लिहिले यावर वाद आहे. कितीतरी वर्षं ते एका जुन्या स्कॉटिश गाण्याच्या चालीवर म्हटलं जायचं. १९३०च्या दशकात परदेशी राहणाऱ्या आन इक-ते या संगीतकाराला हे रुचलं नाही आणि त्यानं स्वतःची चाल बांधली. परागंदा कोरियन स्वातंत्र्यवाद्यांच्या, शांघायहून पुढे चीनभर भटकत राहिलेल्या हंगामी सरकारनं १९४० साली ती मान्य केली आणि १५ ऑगस्ट १९४८ रोजी नवं सरकार स्थापन होताना तीच वाजली. १५ ऑगस्ट हाच त्यांचाही स्वातंत्र्यदिन, १९४५चा. सोलमध्ये त्या दिवशी सकाळी भारतीय दूतावासात ‘जन गण मन’ म्हणायचं आणि बाहेर पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना थेगुकगी. एकाच दिवशी दोन झेंड्यांपुढे मान तुकवायला मिळावी, असं भाग्य मला दुसरीकडे कुठे मिळालं नसतं.

या गीताची पहिलीच ओळ पूर्वेचा समुद्र आटेपर्यंत आणि बेकदूसान झिजून जाईपर्यंत देश राहो, असं मागते. बेकदू हा २,७४४ मीटर उंचीचा ज्वालामुखी, माथ्यावर प्रचंड सरोवर, कोरियन लोक त्याला आपलं मूळस्थान मानतात. तो आज उत्तर कोरिया आणि चीनच्या सीमेवर आहे. म्हणजे दक्षिणेतल्या माणसाला आपल्या राष्ट्रगीतातला डोंगर बघायचा तर चीनमधून जावं लागतं. आजी अशाच एका सहलीत जाऊन आल्या होत्या. वर चढण्याआधी वाटाड्यानं सगळ्यांना बजावलं होतं की झेंडा बाहेर काढायचा नाही आणि राष्ट्रगीत म्हणायचं नाही. त्यांनी सरोवराचा फोटो मात्र चौकटीत बसवून बाहेरच्या खोलीत लावला होता.

१९४५ ते १९४८ या मधल्या काळात उत्तरेतही थेगुकगीच फडकत होता. १९४८ साली दोन सरकारं झाली, तेव्हा उत्तरेनं आपला वेगळा झेंडा घेतला. मग १९५० ते १९५३चं युद्ध. युद्धानंतर ज्या कैद्यांना आपल्या बाजूला परत जायचं नव्हतं, त्यांना सांभाळायचं अवघड काम भारताकडे आलं आणि त्या भारतीय फौजेचे प्रमुख होते आपले कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू द्यायला तयार नव्हते, म्हणून इंचॉनच्या समुद्रातल्या जहाजांवरून त्यांना हेलिकॉप्टरनं निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं गेलं. २२,०००हून अधिक कैदी, एकमेकांच्या जिवावर उठलेले गट, आणि मध्ये थोरातांचे जवान. १९५४च्या जानेवारीत बहुतेक कैदी झेंडे नाचवत दक्षिणेकडे गेले. ८८ जणांनी दोन्ही बाजू नाकारल्या आणि ते भारतीय फौजेबरोबर जहाजानं भारतात आले. त्यांच्यातले बहुतेक कोरियन होते. त्यांना कुठलाच झेंडा नको होता. या ८८ माणसांविषयी मराठीत कुणी नीट लिहावं असं मला फार वाटतं.

दोन्ही कोरियांनी मिळून एकदा तिसरा झेंडाही केला. पांढऱ्यावर निळा द्वीपकल्प, बाकी काही नाही. १९९१ साली जपानमध्ये चिबा इथे झालेल्या जागतिक टेबल टेनिस स्पर्धेत त्या झेंड्याखाली एकत्र संघ उतरला आणि महिलांनी चीनला हरवून सांघिक सुवर्ण मिळवलं. राष्ट्रगीताच्या जागी ‘आरिरांग’ हे दोन्हीकडचं लोकगीत वाजलं. २०००च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये दोन्ही संघ त्याच झेंड्यामागून चालले आणि २०१८च्या प्योंगचांगलाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दक्षिणेचे अध्यक्ष मून जे-इन हे किम जोंग-उन यांच्याबरोबर बेकदूवर गेले, या वेळी चीनमधून नव्हे.

त्यानंतर वारं फिरलं. द्वीपकल्पाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन हजार री, म्हणजे सुमारे बाराशे किलोमीटर, असं जुन्या काळापासून म्हणतात. दोन्ही देशांच्या राष्ट्रगीतांत हे तीन हजार री होते. दोन्ही सरकारं एकमेकांना मानत नसली, तरी गाताना दोघंही आख्ख्या भूमीचं नाव घेत. २०२४च्या सुरुवातीला उत्तरेनं आपल्या गीतातून ते शब्द काढून टाकले आणि प्योंगयांगमधली एकीकरणाची कमानही पाडली. दक्षिणेच्या गीताच्या पालुपदात मुगुंगह्वा आणि तीन हजार री अजून शेजारी शेजारी आहेत. सोलमधल्या काही तरुणांना तो आता जुना हट्ट वाटतो, एकीकरण नकोच असं म्हणणारेही वाढलेत. त्यांची कारणं मला समजतात. तरी त्या ओळीला कुणी हात लावू नये असं मला मनापासून वाटतं, कारण जपानी राजवटीत ती गायली जायची तेव्हाही ते तीन हजार री गाणाऱ्यांच्या ताब्यात नव्हते.